परदेशी कंपनी आली म्हणून मुक्कामी गाडी येणार नाही

महाडच्या स्थानकात गाडीची वाट बघत बसलं की कुणीतरी हे म्हणतंच: "एसटी देऊन टाका एखाद्या परदेशी खासगी कंपनीला. त्या जगभर गाड्या चालवतात, सरकारला काय जमतंय?" गाडी तासभर उशिरा असली की आजूबाजूचे मानाही डोलावतात. उशिराचा वैताग खराच, पण हे बोलणं चुकीच्या माहितीवर उभं आहे आणि ते ऐकून आता राग येतो.

आधी 'खासगी' हा शब्द घ्या. २०१४ साली घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हा ती चालवण्यात आरएटीपीचा वाटा होता. आरएटीपी ही पॅरिसची सरकारी वाहतूक संस्था. हैदराबाद मेट्रो चालवायला घेतलेल्या केओलिसमध्ये सर्वांत मोठा हिस्सा फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचा आहे. लंडनच्या लाल बसगाड्यांपैकी काही २०२५च्या सुरुवातीपर्यंत आरएटीपीच्याच उपकंपनीकडे होत्या. म्हणजे जगभर पसरलेल्या या कंपन्यांतल्या मोठमोठ्या कंपन्या सरकारीच!

आता त्या पसरतात कशा, ते बघू. अशा कंपनीत परदेशातला विस्तार ज्याच्याकडे असतो, त्याचं मुख्य काम निविदा भरणं आणि करार करणं. लंडनमध्ये बसचे मार्ग, फेऱ्या आणि तिकिटाचे दर 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ठरवते. कंपनी चालक नेमते, गाड्या चालवते आणि ठरलेल्या सेवेचे पैसे घेते. आपल्याकडेही हे नवं नाही. २०१७ साली आलेल्या शिवशाहीतल्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना एसटीने किलोमीटरच्या हिशेबानेच पैसे दिले.

आता हाच हिशेब आपल्या मुक्कामी गाडीला लावा. पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीला संध्याकाळी ही गाडी जाते. चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे यांना घेऊन खाली उतरतात. मूठभर तिकिटांत त्या फेरीचा खर्च निघत नाही. ती फेरी परदेशी कंपनीने चालवली तरी दर किलोमीटरचं बिल सरकारकडेच येणार. २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. त्याची भरपाईही सरकारनेच एसटीला द्यायची असते.

बरं, या कंपन्या परदेशात कायम नफ्यात असतात, असंही नाही. डच सरकारी रेल्वेच्या अबेलिओची जर्मनीतली शाखा २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जर्मन सरकारी रेल्वेने २०१० साली घेतलेली अराइव्हा २०२४ मध्ये विकून टाकली.

आणखीही काही समज कानावर येतात. सरकारी बससेवेला देशाची सीमा ओलांडता येत नाही म्हणतात, पण दिल्ली परिवहन महामंडळाची बस १९९९ साली लाहोरला आणि २०१४ साली काठमांडूला निघाली. एसटीही राज्यांमधल्या परस्पर करारांवर गोवा, कर्नाटक, गुजरातला जातेच. कंपनी बदलली की वरंध घाटातून पावसाळ्यातही गाड्या सुटतील, ही आशाही फोल आहे. दरड कोसळण्याच्या भीतीने घाट बंद करणं प्रशासनाच्या हातात असतं.

तेव्हा गाडी हवी असेल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव करा. रोज किती माणसं, कुठून कुठे आणि किती वाजता जातात, ते त्यात लिहा. ठरावाची प्रत आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोचपावती घ्या. दुसरी प्रत आमदारांना द्या आणि या फेरीचे पैसे सरकार कुठून देणार, हे त्यांना विचारा.