दोष नाचणारीचा की अंगणाचा?

दोष देण्याविषयी आपल्या मराठीत म्हणींची काही कमी नाही. नाचता येईना अंगण वाकडे, वड्याचे तेल वांग्यावर, चोर सोडून संन्याशाला सुळी. गंमत अशी की यातली पहिली म्हण नाचणारीलाच दोषी ठरवून मोकळी होते, तर उरलेल्या दोन सांगतात की दोष हमखास भलत्याच्याच माथी बसतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही या प्रश्नाचा निकाल लावता आला नव्हता. काम दोघांचे असेल आणि ते बिघडले, तर जबाबदार कोणाला धरायचे?

आम्हा नागपूरकरांना या प्रश्नाचा भारी षौक. सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर चार माणसे जमली की पाचव्या मिनिटाला कोणावर तरी खटला उभा राहतो, आणि दहाव्या मिनिटाला शिक्षाही सुनावली जाते. आरोपी बहुधा क्रिकेटपटू असतो. त्यातही वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या मैदानाने आम्हाला असे काही खटले दिले आहेत की त्यांचे निकाल अजून लागायचे आहेत.

सगळ्यात गाजलेला खटला १२ मार्च २०११ चा. विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. सेहवागच्या ७३, गंभीरच्या ६९ आणि सचिनच्या १११ धावा. चाळिसावे षटक सुरू असताना फलक दाखवीत होता एक बाद २६७. साडेतीनशे तर होणारच, चर्चा फक्त चारशेची होती. तेवढ्यात सचिन बाद झाला आणि पाहता पाहता सगळा डाव २९६ वर आटोपला. अवघ्या २९ धावांत नऊ बळी! डेल स्टेनने त्यातले पाच घेतले. आणि डावातले आठ चेंडू न खेळताच शिल्लक राहिले.

तरीही सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. आफ्रिकेला १३ धावा हव्या होत्या. धोनीने चेंडू आशिष नेहराच्या हाती दिला. हरभजनचे एक षटक शिल्लक होते, आणि त्याने त्या दिवशी तीन बळीही घेतले होते. समोर रॉबिन पीटरसन. पहिला चेंडू बॅटची कड घेऊन सीमेपार गेला, दुसऱ्यावर षटकार, तिसऱ्यावर दोन धावा, चौथ्यावर पुन्हा चौकार. चार चेंडूंत सोळा धावा आणि सामना संपला.

त्या रात्री वर्धा रोडने शहराकडे परतणाऱ्या गर्दीच्या तोंडी एकच नाव होते. ते स्टेनचे नव्हते, आणि एकोणतीस धावांत तंबूत परतलेल्या नऊ जणांपैकी इतर कोणाचेही नव्हते. ते नेहराचे होते. धोनीने मात्र सामन्यानंतर बोट ठेवले ते फलंदाजांवर. प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी खेळू नका, अशा अर्थाचे तो बोलला होता. पण ते ऐकायला कोणाला सवड होती?

मला यात माणसाच्या डोळ्याची एक खोड दिसते. आपल्याला शेवटचा हात तेवढा दिसतो. ज्याच्या हातून काच फुटली तो दोषी. ती काच टेबलाच्या कडेला कोणी ठेवली, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. फलंदाजांची चूक नऊ जणांत वाटली गेली होती, सबब प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी आली. नेहराची चूक एकट्याची होती, शेवटची होती आणि साऱ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली होती. शिवाय गोलंदाज निवडण्याचा निर्णय कर्णधाराचा. म्हणजे आरोपी दोन नव्हेत, तीन झाले. पण खटला चालला तो एकावरच.

मग असा निवाडा करायचा तरी कसा? यावर एक तोडगा मला सापडला तो दूरच्या देशातल्या, आपल्याला फारशा ठाऊक नसलेल्या एका खेळात. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पायापेक्षा हाताला काम जास्त. एक खेळाडू चेंडू फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. दुसरा दूर पळत जाऊन तो झेलतो, तो वाइड रिसीव्हर. यातली खुबी अशी की पुष्कळदा झेलणाऱ्याने वळून पाहण्याआधीच फेकणाऱ्याने चेंडू सोडलेला असतो. कुठे वळायचे, किती पावलांवर वळायचे, हे आधी ठरलेले. तिथे चेंडू जमिनीवर पडला की आपल्याकडच्यासारखीच भांडणे सुरू होतात. फेकणारा चुकला की झेलणारा?

रँडी मॉस नावाचा एक अव्वल झेलणारा होता. २००६ साली ओकलंडच्या संघाकडून खेळताना त्याने मोसमभरात ४२ झेल घेतले आणि टचडाऊन, म्हणजे आपल्या भाषेत गोल म्हणा हवे तर, केले फक्त तीन. बुवा संपला, पाय जड झाले, मनही लागत नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. पुढच्या वर्षी तो न्यू इंग्लंडच्या संघात टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकच्या जोडीला गेला. त्या मोसमात झेल ९८ आणि टचडाऊन २३, जो त्या खेळातला विक्रम ठरला. माणूस तोच, वयाने एक वर्षाने मोठा झालेला. बदलला होता तो फेकणारा.

म्हणजे सगळा दोष ओकलंडच्या फेकणाऱ्यांचा? थांबा, एवढी घाई नको. त्याच मोसमात ब्रेडीच्या फेकींवर ५० टचडाऊन झाले. आदल्या वर्षी ते २४ होते. म्हणजे ब्रेडीने मॉसला वर काढले तसे मॉसनेही ब्रेडीला वर नेले. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडी जखमी झाला आणि दुसराच क्वार्टरबॅक फेकू लागला. मॉसचे टचडाऊन २३ वरून ११ वर आले. तीनही नाहीत आणि तेवीसही नाहीत. जोडीतला एक बदलून पाहिला तेव्हा कुठे कळले की यात झेलणाऱ्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याकडून आलेले किती.

जोडीतला एक तसाच ठेवायचा आणि दुसरा बदलून पाहायचा, हा तो तोडगा. स्वयंपाकघरातल्या बाईला तो कोणी शिकवावा लागत नाही. भाकरी सारखी करपू लागली तर ती आधी दुसऱ्या तव्यावर टाकून पाहते.

ही परीक्षा जामठ्याच्या खेळपट्टीला लावून पाहू. फलंदाज कोसळले की खेळपट्टीच्या नावाने ओरड होते, आणि लगेच कोणीतरी अंगणाची म्हण ऐकवतो. पण अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते, त्याचे काय? सोय अशी की एकाच खेळपट्टीवर दोन संघ खेळतात. म्हणजे अंगण तेच आणि नाचणारे बदललेले. तोडगा आपोआपच लागू होतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा डाव इथे ७९ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी एका दिवसात वीस बळी पडले. अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले आणि भारत १२४ धावांनी जिंकला. आम्ही म्हणालो, पाहुण्यांना फिरकी खेळता येत नाही. ते खरेही होते. पण आपले डाव पाहा, २१५ आणि १७३. साऱ्या सामन्यात एकाही फलंदाजाला, आपल्या की त्यांच्या, अर्धशतक करता आले नाही. नाचणारे बदलूनही सगळ्यांचे पाय अडखळत असतील तर अंगणाकडे बघायला हवे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही त्या खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला.

आता फेब्रुवारी २०२३ पाहा. मैदान तेच. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १७७ आणि दुसरा ९१. सामन्याआधीपासूनच खेळपट्टीवर संशयाची सुई रोखलेली होती. पण त्याच खेळपट्टीवर भारताने ४०० धावा केल्या. रोहितने १२०, अक्षरने ८४, जडेजाने ७०. अक्षर आणि जडेजा खेळले तेव्हा खेळपट्टी काही नवी राहिली नव्हती. इथे म्हण बिनचूक लागू पडली. चेंडू वळत होता हे खरे, पण वळणारा चेंडू खेळता येत होता.

या दोहोंच्या मधला एक सामना मला फार शिकवून गेला. मार्च २०१६, वीस षटकांचा विश्वचषक. न्यूझीलंडने जेमतेम १२६ केल्या आणि आपला डाव संपला ७९ वर! चार महिन्यांपूर्वी आफ्रिकेला जिथे हसलो तिथेच, अगदी तोच आकडा. न्यूझीलंडने खेळपट्टी पाहून आपले दोन नामांकित वेगवान गोलंदाज, बोल्ट आणि साऊदी, बाहेर बसवले आणि तीन फिरकीपटू घेतले. सँटनरने अकरा धावांत चार बळी टिपले. पण नोव्हेंबरात ज्यांना ७९ म्हणजे फलंदाजांची नालायकी वाटली होती, त्यांनाच मार्चमध्ये ७९ म्हणजे खेळपट्टीचा दोष वाटू लागला. आकडा एक, मैदान एक. फरक इतकाच की या वेळी नाचणारी आपल्या घरची होती.

हे झाले अपयशाचे. यशालाही हीच कसोटी लावली पाहिजे. विदर्भाच्या संघाने २०१७-१८ पर्यंत रणजी करंडकाची अंतिम फेरीसुद्धा कधी पाहिली नव्हती. त्या वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. कडक शिस्तीचा माणूस. फैज फझल कर्णधार, मुंबईहून आलेला वसीम जाफर, आणि अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा तरुण रजनीश गुरबानी. विदर्भाने करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. चाळिशीतल्या जाफरने त्या दुसऱ्या मोसमात हजारावर धावा काढल्या. बहुतेक मुले आधीचीच, बदलला तो गुरू. पुढे पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२१-२२ मध्ये त्यांनाही त्यांचा पहिला रणजी करंडक मिळवून दिला. म्हणजे श्रेय गुरूचे, यात शंका उरली नाही.

पण मग २०२४-२५ मध्ये, पंडित नसताना, विदर्भाने जामठ्यावर केरळविरुद्ध तिसऱ्यांदा करंडक उचलला. म्हणजे शिष्यही कच्चे नव्हते. गुरूने दार उघडले, आत चालत गेली ती मुले. दोघांनाही द्यावे तेवढे श्रेय थोडेच.

दुसरी एक कसोटी क्रिकेटपटूंनीच घालून दिली आहे. धाव घेताना फटका समोर गेला असेल तर हाक फटका मारणाऱ्याची, मागे गेला असेल तर पलीकडच्याची. का? तर ज्याला चेंडू दिसतो त्याने बोलावे. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्ध जामठ्यावर धोनी ९९ वर धावबाद झाला. चेंडू समोर मिड-ऑफला, तिथून कुकची अचूक फेक. निर्णय धोनीच्या डोळ्यांसमोरचा होता, त्यामुळे जोडीदाराला कोणी बोल लावला नाही. ज्याला दिसत होते त्याची जबाबदारी मोठी, हा नियम मैदानाबाहेरही चालावा.

कारण असे खटले काही केवळ मैदानावरच चालत नाहीत. दर वर्षी निकाल लागले की धरमपेठेपासून महालापर्यंत घराघरांत हेच चालते. गणितात पोरगा गडगडला. वडील म्हणतात, पोरगा आळशी. आई म्हणते, शिकवणीचे सर बरोबर नाहीत. शेजारीण म्हणते, आईचेच लक्ष नाही. सगळे बोलतात, पण त्याच सरांकडची बाकीची मुले कशी आहेत आणि हाच मुलगा दुसऱ्या विषयात कसा आहे, हे दोन साधे प्रश्न कोणी विचारीत नाही. वर्गातली निम्मी मुले गडगडली असतील तर ते २०१५ चे अंगण. एकटाच गडगडला असेल तर पोराशी बोलायला हवे. आणि पोरगा तिन्ही विषयांत हुशार असून एकाच विषयात मागे असेल, तर रागावण्याआधी तवा बदलून पाहावा. सातवी-आठवीतल्या मुलाला एकदा का ‘याला गणित येत नाही’ असा शिक्का बसला की तो पुसायला जन्म जातो. क्रिकेटपटूला निदान पुढचा सामना तरी मिळतो.

नेहराला मात्र तोही लगेच मिळाला नाही. नागपूरनंतरचे दोन सामने तो बाहेर बसला. मग मोहालीला पाकिस्तानविरुद्ध उपांत्य सामना आला आणि संघव्यवस्थापनाने त्याला परत बोलावले. तर्री-पोह्याच्या गाड्यांवर त्या निवडीची काय संभावना झाली असेल ते सांगायला नको. त्याने दहा षटकांत फक्त ३३ धावा दिल्या आणि दोन बळी घेतले. भारत २९ धावांनी जिंकला. बोटाला दुखापत झाल्यामुळे अंतिम सामना त्याला खेळता आला नाही, पण २ एप्रिलला वानखेडेवर उचललेल्या करंडकात त्याची ती दहा षटकेही होती. एकोणतीस धावांत नऊ बळी गमावणाऱ्यांपैकी बहुतेक मंडळी तर आधीपासूनच संघात होती. त्यांना परत बोलावण्याचा प्रश्नच आला नव्हता.