ओहोटीचं मैदान

चिंचणीच्या किनाऱ्यावर आम्ही क्रिकेट खेळायचो ते पंचांग बघून. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. सकाळी नऊला स्टंप रोवले की अडीचपर्यंत मैदान आपलं. अमावास्या-पौर्णिमेला भरतीच बाराच्या सुमारास, मग मॅच संध्याकाळी. पाणी मागं हटलं की खालची वाळू अशी आवळून बसते की टाच रुतत नाही आणि टेनिसचा चेंडू नीट टप्पा घेतो. समुद्राकडे उंच मारला की आउट. चेंडू आणायचा कोणी?

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ पासून वीज देत होती, बोईसरच्या एमआयडीसीतल्या कामगारांची पोरं रविवारी सायकली हाणत दहाएक किलोमीटर यायची. अक्करपट्टी, पोफरणची पोरंही असायची. पुढं तिसऱ्या-चौथ्या युनिटासाठी ती गावं उठली, आत नेऊन वसवली. २००५-०६ मध्ये ती युनिटं सुरू झाली. किनाऱ्यावरची पोरं किनाऱ्यापासून लांब गेली, एवढंच तेव्हा आम्हाला कळलं.

गोल्फचं मूळही असल्याच समुद्रकाठच्या जमिनीतलं, हे मला फार उशिरा समजलं. समुद्र आणि शेत यांच्यामधली नापीक वाळवट, स्कॉटलंडात तिला लिंक्स म्हणतात. इंग्लंडात नॉरफोकच्या कड्यावर शेरिंगमचा क्लब १८९१ चा. तिथं १९२० मध्ये गोल्फपटू जॉइस वेदरेड पट मारत असताना शेजारून आगगाडी धडधडत गेली, आणि नंतर कोणी त्या गाडीबद्दल विचारलं तर बाई म्हणाल्या, कुठली गाडी? त्या भागातला कडा मऊ मातीचा, लाटांनी ढासळतो. मग खेळाची जागा आत सरकवायची, नवा नकाशा काढायचा. काय गेलं ते निदान क्लबच्या कागदावर राहतं.

आमच्या मैदानाला ना क्लब, ना सातबारा. दिवसातून दोनदा ते पाण्याखाली जायचंच, त्यामुळं खरोखर कमी व्हायला लागलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी गेली वरची कोरडी वाळू, जिथं बॅटिंगची वाट बघत आम्ही सुरूखाली लोळायचो. मग सुरूच्या मुळ्या उघड्या पडल्या, पावसाळ्यातल्या उधाणात झाडं आडवी झाली. केळव्यालाही तेच. सातपाटीत तर धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा लागला. तिथं प्रश्न खेळाचा नव्हता, घरांचा होता.

२०१४ मध्ये आमच्या भागाचा पालघर जिल्हा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये जवळच्याच वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींचं. बंदरासाठी समुद्रात भराव पडल्यावर वाळू कुठल्या बाजूला सरकेल, यावर कोळीवाड्यात हल्ली क्रिकेटपेक्षा जास्त बोललं जातं.

परवा अष्टमीला गेलो होतो. पोरं खेळत होती. एकाने मोबाइलवर बघून सांगितलं, भरती पावणेसहाला. जाळं विणत बसलेले काका मान वर न करता म्हणाले, "सहा धर." बॉलिंगचा रनअप मात्र पूर्वी बारा पावलांचा होता, आता सातव्या पावलाला पाठ आडव्या पडलेल्या खोडाला टेकते.