कोपऱ्याला कोपरा लागला, तर शेजारी म्हणायचे का?

जमिनीचे खरेदीखत तुम्ही कधी पाहिले आहे का? त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचे, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. ज्याचे शेत आपल्या शेताला केवळ कोपऱ्यात टेकते, त्याचे नाव तेथे येत नाही. मग तो आपला शेजारी की नाही? धातूच्या पोटातले कण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तीच आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी. साताऱ्यातही कूपर यांच्या कारखान्यात शेतीची अवजारे व डिझेल इंजिने तयार झाली. अशा कारखान्यांचा पाया म्हणजे फौंड्री, आणि फौंड्रीचा नेहमीचा माल म्हणजे बीड.

राखी बिडाचा तुकडा घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात ग्रॅफाइटच्या काळ्या, वाकड्या रेघा सुट्यासुट्या विखुरलेल्या दिसतात. त्या खरोखर सुट्या असतात का? नाही! पातळ थर घासत जावे, प्रत्येक थराचे चित्र घ्यावे आणि चित्रे एकावर एक रचावी, म्हणजे उलगडा होतो. शेजारशेजारच्या पुष्कळ रेघा कोबीच्या पानांप्रमाणे आत एकमेकींना जोडलेल्या असतात.

अशी रचलेली चित्रे संगणकात साठवताना सारा तुकडा लहान लहान घनांत विभागतात. अशा एका घनाला ‘व्हॉक्सेल’ म्हणतात. आता एका घनाभोवती किती शेजारी असतात ते मोजू. ३ × ३ × ३ म्हणजे २७ घन. मधला वगळला की राहिले २६. त्यांपैकी ६ मधल्या घनाला पृष्ठाने चिकटतात, १२ केवळ कडेने आणि ८ केवळ कोपऱ्याने. म्हणून शेजाराचे तीन नियम होतात: ६ चा, १८ चा आणि २६ चा. ६ चा नियम म्हणजे आपल्या चतुःसीमाच. फक्त ‘वर’ आणि ‘खाली’ यांची भर पडली.

नियम बदलला तर काय होते? चौकटीच्या वहीत ही आकृती काढा. ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन प्रकारच्या कणांची चिन्हे समजा.

अ अ ब ब ब
अ अ ब ब ब
ब ब अ अ ब
ब ब अ अ ब
ब ब ब ब अ

सपाट कागदावर एका चौकटीला कडेचे ४ शेजारी असतात. कोपरे धरले तर ८. ४ च्या नियमाने ‘अ’ चे ३ आणि ‘ब’ चे २, असे ५ कण होतात. एका कणाचे सरासरी क्षेत्रफळ ५ चौकटी. ८ च्या नियमाने मात्र दोहोंचा एकेकच कण होतो आणि सरासरी १२.५ चौकटींवर जाते. चित्र तेच, उत्तर अडीचपट!

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. १९५१ साली हॉल यांनी आणि १९५३ साली पेच यांनी दाखवून दिले, की पोलादातील कण जितके बारीक, तितके ते अधिक बळकट. कणांची मोजणी चुकली, तर बळाचा अंदाजही चुकतो.

मग कोणता नियम बरोबर? दोन्हींत खोड आहे. ६ चा नियम तिरक्या, पातळ पापुद्र्याचे तुकडे करतो. तेथे खऱ्या एका पानाची दहा पाने होतात. २६ चा नियम उलट वागतो. दोन कणांमधली सीमा तिरकी व एकाच घनाइतकी रुंद असेल, तर बांधाच्या फटीतून पाणी शिरावे तसा तो कोपऱ्यातून पलीकडे शिरतो आणि दोन कणांचा एक करून टाकतो.

वरच्या आकृतीत आणखी एक गंमत आहे. ८ च्या नियमाने ‘अ’ चा रस्ता ‘ब’ च्या रस्त्याला छेदून जातो, पण चौक कोठेच नाही! कागदावर हे कसे शक्य आहे? म्हणून कण आणि त्यांच्याभोवतालचा भाग यांना एकच नियम लावीत नाहीत. एकाला ४ चा लावला तर दुसऱ्याला ८ चा लावतात. घनांच्या बाबतीत ६ चा आणि २६ चा.

नियमाची परीक्षा घेण्यासाठी कृत्रिम रचना उपयोगी पडते. संगणकातल्या ठोकळ्यात, समजा, २०० बिंदू टाकले आणि प्रत्येक घन सर्वांत जवळच्या बिंदूला दिला, तर २०० कण तयार होतात. उत्तर आधीच ठाऊक असल्याने मोजणीची चूक ताबडतोब पकडता येते. घन लहान करीत गेल्यास दोन नियमांच्या उत्तरांतील अंतर सहसा कमी होते. नियम बदलताच उत्तर फार बदलत असेल, तर घन फार मोठे घेतले आहेत असा संशय घ्यावा.

आता वहीत १० × १० चौकटी आखा. नाणे उडवून छापा आल्यास चौकट काळी करा आणि दोन्ही नियमांनी काळे कण मोजा. दोन उत्तरांत किती फरक पडला? वर्गात प्रत्येकाची आकृती वेगळी येईल. पण ८ च्या नियमाने आलेली संख्या ४ च्या नियमापेक्षा मोठी कोणाचीच येणार नाही. ती का येणार नाही, याचा विचार करा.