चार पायांची वाट

डोंबिवलीतली शनिवारची दुपार. दोन वाजलेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडी आहे आणि चिंगी केव्हाची आत जाऊन बसली आहे. सामान अजून भरायचंय. माझा दादा तिला दोनदा खाली उतरवतो, ती दोनदा परत चढते. माळ्यावरची निळी सॅक खाली आली की डोंगर, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

चिंगी गावठी. पाच वर्षांपूर्वी एका पावसात याच पार्किंगमध्ये, स्कूटरच्या चाकाआड सापडलेली. आता १७ किलोची आहे. तिची पिशवी वेगळी असते. घडीचा वाडगा, दहीभाताचा डबा, चार उकडलेली अंडी, बेटाडिन, कापूस, चिमटा, लसींचं पुस्तक. एरवी तिला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं; चढणीवर दुप्पट धरायचं, म्हणून पाच लिटरचा कॅन. सगळ्यात वर घोंगडी. ती मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतली. दर पौषात तिथे गुरांचा बाजार भरतो, तशा घोंगड्यांच्याही थप्प्या लागतात.

कुठे जायचं हे ठरवताना नकाशावर आधी फुल्या माराव्या लागतात. लोकलमध्ये कुत्रीला घेऊन चढायचा प्रश्नच नाही. ठाण्याचं येऊर हाकेच्या अंतरावर, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. आसनगावच्या माहुलीभोवती तानसा अभयारण्य. तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही. डिस्टेंपर, पार्व्होसारखे आजार कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांत जातात. कुत्र्याच्या नुसत्या वासानेही भेकरं आणि ससे जागा सोडतात. डोंगरावर जीव असेल तर एवढं पाळायचंच. उरलेल्या वाटांमध्ये आमची आवडती आहे ती दोन हजार वर्षं जुनी. नाणेघाट.

शहाडचा पूल. रांग. पुढे वाळूचा डंपर, मागे रिक्षा, शेजारी लग्नाच्या वऱ्हाडाची बस. फेब्रुवारी नुकता लागलाय, तरी काचेतून येणारं ऊन मांडीवर चटचटतंय. गाड्या हातभर सरकतात, थांबतात. चिंगीची जीभ बाहेर आली आहे. तिच्या श्वासाची लय आणि एसीची घरघर, गाडीत दोनच आवाज. बसच्या खिडकीतून तीन पोरं तिला बिस्किट दाखवतात. ती कान टवकारते, बघते, पुन्हा पुढच्या पायांवर हनुवटी टेकते. चाळीस मिनिटं अशीच जातात.

मग वरप, कांबा, आणि रायत्याचा पूल. खाली उल्हास नदी. इथून पुढे रस्त्याला हवा लागते. कडेला भेंडी, काकडी, वालाच्या शेंगांच्या पाट्या घेऊन बायका बसल्यात. चिंगी खिडकीच्या फटीला नाक लावून बसते. नाकपुड्या सारख्या हलतात. आम्हाला दिसतो तो नुसता रस्ता, ती बहुतेक सगळं गाव वाचून काढतेय.

मुरबाडला वडापावच्या गाडीपाशी थांबतो. इथेही रांग; घाणा अजून निघायचाय. चिंगीला उतरवण्याआधी मी पालथा हात डांबरावर ठेवते. एक, दोन, तीन, चार. चारलाच चटका बसतो. सात आकड्यांपर्यंत हात टिकला नाही, तर तिचे पंजेही तिथे टेकवायचे नाहीत. दादा तिला उचलून वडाखालच्या मातीत ठेवतो. ती गोल फिरते, माती हुंगते, वाडगाभर पाणी पिते. कढईतून वडे निघेस्तोवर आम्ही तिघंही सावलीत उभे.

सरळगाव मागे पडतं. टोकावडे मागे पडतं. कल्याणपासून साठेक किलोमीटरवर वैशाखरे. महामार्ग इथून पुढे माळशेजकडे वळत जातो. उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीवर उभा नानाचा अंगठा. खालून बघितलं तर खरोखर मुठीतून वर काढलेला अंगठाच.

आमचा तंबू गावातल्या ओळखीच्या मामांच्या शेतात. भाताची कापणी कधीच झालीय. धसकटं पायाला टोचतात. पेंढ्याचा मोठा उडवा, त्याला लागून सारवलेलं खळं. मामा दावणीपाशी बैलांना वैरण टाकतायत. चिंगी बैल बघून थबकते. बैल तिला बघून फुसकारतो. मी पट्टा आखूड धरते. मामांची शेळ्या-कोंबड्यांची वस्ती आहे. इथे ती पाहुणी.

तेवढ्यात पाड्याकडून तो येतो. काळा, उंच पायांचा, एक कान अर्धा तुटलेला. चिंगीपासून दहा पावलांवर थांबतो. शेपटी सरळ, मग हळूच हलायला लागते. दोघं एकमेकांना वळसा घालून वास घेतात. हा पाड्यावरचा कुत्रा, कुणा एकाचा नाही. नाव विचारलं तर मामांच्या घरच्या मावशी हसतात.

"नाव कशाला त्याला? मंडळी आली का हा फुडं. वर घाटावर नेतो, न्‌ खाली आणून सोडतो."

सह्याद्रीत हिंडणाऱ्या प्रत्येकाला असा एक कुत्रा भेटलेला असतो. कुणी बोलावत नाही, कुणी पाठवत नाही. चुकलेल्या वळणावर तो मागे बघत उभा राहतो, आणि माणसं वाट सुधारून घेतात.

अंधार पडतो. मावशी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं देतात. चिंगीला तिचा दहीभात. बिरड्यातला कांदा कुत्र्यांना बाधतो. मामा उठताना म्हणतात, "ताई, कुत्रीला भायेर बांधू नका रातीची. वाघरू येतंय."

ते सहज म्हणतात, पाऊस येतोय म्हणावं तसं. वाघरू म्हणजे बिबट्या; त्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. घाटमाथ्यावरच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तंबूची चेन आम्ही आतून लावतो. चिंगी मध्ये, घोंगडीवर. काळा कुत्रा मामांच्या ओट्यावर, दाराला पाठ लावून.

रात्र थंड आहे. कापडाबाहेर रातवा बोलतोय, एकाच सुरात, दगडावर दगड आपटावा तसा. लांबवर माळशेज चढणाऱ्या ट्रकचा गिअर बदलतो. मध्यरात्री केव्हातरी पाड्यावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागतात. चिंगी भुंकत नाही. तिच्या बरगड्यांवर माझा हात आहे आणि आतून एक बारीक गुरगुर माझ्या तळव्याला लागतेय. मग भुंकणं थांबतं. रातवाही थांबलाय. बऱ्याच वेळाने तो पुन्हा सुरू होतो, आणि चिंगीचं अंग सैल पडतं.

साडेपाच. बॅटरीच्या उजेडात निघतो. काळा पुढे, मग दादा, मग पट्टा कमरेला बांधलेली मी, चिंगी माझ्या गुडघ्याशी. पाचोळा करकरतो. कोरडा ओढा लागतो. गोट्यांवर माझा पाय घसरतो, तिचा घसरत नाही. झाडी संपत येते तशी पायाखाली दगड लागायला लागतात. आधी विस्कळीत, मग ओळीत, मग बांधीव पायऱ्या.

उजाडतं तेव्हा त्या नीट दिसतात. रुंद, पसरट, झिजलेल्या. ही वाट सातवाहनांच्या काळातली. कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात हेच कल्याण 'कल्लिएना' म्हणून येतं. माल जायचा बैलांच्या, गाढवांच्या, तट्टांच्या पाठीवरून. माझ्या ढांगेला या पायऱ्या कुठे लांब पडतात, कुठे आखूड. चिंगी मात्र दोन पावलं एका दगडावर, दोन पुढच्या, अशी लयीत चढते. वाट चार पायांसाठीच घातलेली आहे.

दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, पाणी द्यायचं. एकटी असते तर मी थांबले नसते. थांबल्यामुळे कातळावरचे छिन्नीचे घाव दिसतात. खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसतं. दरीत पांगारा फुललाय, त्यावर मैना भांडतायत. चिंगी दगडावर उभी राहते आणि पुढे सरकते. मागे चार ओले ठसे उरतात. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकीची उष्णता मुख्यतः धापेवाटे, जिभेवरून. मी ठसे बघत राहते. मधली मोठी गादी, पुढे चार थेंब. कडेने ठसा आक्रसत जातो आणि दगड कोरडा होतो.

माथ्याजवळच्या कोरीव गुहेच्या खाली वाट चिंचोळी होते. इथे रांग. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली चाळीसेक मुलंमुली रेलिंगला धरून एकेक चढतायत. वरून हाका, खालून हाका. आम्ही डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे. वरून तीन बायका मोळ्या घेऊन उतरतात, अनवाणी. त्यांना आधी वाट. चिंगीला मी पायांमध्ये बसवते. टी-शर्टमधला एक लहान मुलगा तिला बघून जागीच थिजतो. त्याची ताई म्हणते, "काही करत नाही रे ती." त्याला ते पटत नाही, आणि त्याने पटवून घ्यायची गरजही नाही. मी चिंगीचं तोंड माझ्याकडे वळवते, पट्टा हाताला आणखी एक वेढा. तो भिंतीला चिकटून निघून जातो. पुढे गेल्यावर एकदा वळून बघतो.

गुहेत आम्ही आळीपाळीने जातो. एकाने बाहेर चिंगीला धरायचं. आत गारवा. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाची. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या लेखी आकड्यांपैकी काही इथलेच. मागच्या भिंतीत राजघराण्याचे पुतळे होते. वर नावं आहेत. खाली उरलीत ती नुसती पावलं. मी त्यांच्यासमोर जरा वेळ उभी राहते. बाहेरून चिंगीचं एकच बारीक कुंईं येतं.

खिंडीतून वर आलो की वारा अंगावर येतो. समोर दगडी रांजण. घाटाची जकात यात पडायची असं सांगतात. पलीकडे जुन्नरकडून आलेल्या गाड्या, मॅगीच्या टपऱ्या, सेल्फीची झुंबड. आम्ही कड्यापासून चांगले लांब बसतो. माकड दिसलं की कुत्रं धावतं, आणि धावताना त्याला कडा कळत नाही. खाली सगळं कोकण धुक्यात. पश्चिमेला कुठेतरी कल्याण. काळा शेजारी येऊन बसतो. त्याला एक अंडं, चिंगीला एक. जीवधनच्या बाजूने घार तरंगत येते.

नऊला उतरायला लागतो. तरी उशीरच. ऊन कातळावर उतरलंय आणि खालून वाफ लागतेय. निम्म्या वाटेवर चिंगीची जीभ लांब आणि रुंद होते, कडा गडद लाल. मी थांबते. तिचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२ फॅरनहाइट. १०५ च्या वर गेलं तर जिवावर बेततं, आणि तिथवर जायला चढउताराचा अर्धा तास पुरतो. करवंदीच्या जाळीआड तिला आडवं करतो. ओला पंचा पोटावर, काखेत, पंजांवर. पाणी साधंच, घोट घोट. काळ्याने शेजारी पायाने माती उकरून खड्डा केलाय, पोट त्या गार मातीला लावून तो पडलाय. त्याला कुणी शिकवलेलं नाही. पाऊण तास आम्ही काहीच करत नाही. माणसं उतरत जातात. कुणी विचारतं, "पाणी हवंय का?" श्वास हळूहळू लांबतो. तोंड मिटतं. ती उठून अंग झाडते. मग निघतो.

खळ्यावर आलो की तपासणी. उडव्याच्या सावलीत चिंगी पाठीवर. कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. गोचीड सापडतो, तुरीच्या दाण्याएवढा. चिमटा कातडीला लावून सरळ ओढायचा, पिळायचा नाही. मग स्पिरिटच्या बाटलीत. टिक फीव्हर याच्यामुळेच होतो. अकरा निघतात. काळा बघत बसलाय. मी त्याच्या तुटक्या कानाकडे हात नेते. तो मान खाली घालतो, काढू देतो. त्याचे मोजत नाही. मावशी ओट्यावरून बघतात आणि दोन भाकऱ्या आणून त्याच्यापुढे टाकतात.

सामान भरून गाडी रस्त्याला लावतो. काळा मोरीपर्यंत येतो आणि तिथे बसतो. मोरीपाशी त्याची हद्द संपते.

साडेअकरा वाजलेत. समोर दुसरी गाडी थांबते. तीन मुलं उतरतात, पाठीवर सॅक, हातात काठ्या. मागचं दार उघडतं आणि पांढरा-करडा हस्की खाली उडी मारतो. अंगावर दाट केस, बर्फासाठीचे. डांबरावर उतरताच तो एक पाय उचलतो, मग दुसरा. मुलं अंगठ्याकडे बोट दाखवतायत.

मी काळ्याकडे बघते. मंडळी आली की हा पुढे. आत्ता तो फक्त मान वर करतो, त्यांना बघतो, आणि मोरीच्या सावलीत परत डोकं टेकतो.

मी रस्ता ओलांडते. "अरे, एक मिनिट. पालथा हात इथे ठेवून बघ."

मुलगा खाली बसतो, हात टेकवतो. मी मोजते. एक, दोन, तीन.

तो हात झटकतो. काही न बोलता हस्कीला दोन्ही हातांनी उचलतो आणि मामांच्या आंब्याखाली घेऊन जातो. ऊन कलायला अजून चार तास आहेत. मावशी घरातून पाण्याची कळशी घेऊन निघाल्यात.