एकशे पंधरा दिवसांचा गहू?

डिसेंबर उजाडला की हे वाक्य कानावर येतंच. ऊस तुटायला उशीर झालेला असतो किंवा कपाशी उपटायची राहिलेली असते, आणि गव्हाची पिशवी हातात धरून कुणीतरी ठामपणे सांगतं, "वाण एकशे पंधरा दिवसांचा आहे. महिनाभर उशिरा पेरला तर महिनाभर उशिरा काढू, त्यात काय बिघडलं?"

बिघडतं ते दाण्यात. पिशवीवरचे दिवस वेळेवरच्या पेरणीचे, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या पेरणीचे असतात. पीक एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातं ते ऊब साठेल तसं. फ्रान्समधल्या रेओम्यूर यांनी रोजच्या तापमानाची बेरीज करून पिकाचा काळ मोजायची कल्पना 1735 मध्येच मांडली होती. आपण अजून बोटांवर दिवस मोजतोय.

हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनानं भागा आणि त्यातून पिकाचं पायाभूत तापमान वजा करा. पायाभूत म्हणजे ज्याच्या खाली वाढ जवळजवळ थांबते ते. गव्हासाठी आपल्याकडे बहुधा 5 अंश धरतात. जानेवारीत निफाडकडे रात्री 10 आणि दुपारी 28 असेल तर सरासरी 19, म्हणजे त्या दिवसाची कमाई 14 डिग्री-डे. फेब्रुवारी सरताना 14 आणि 34 झालं की तीच कमाई 19 होते. आता समजा, दाणा भरायला 532 डिग्री-डे लागतात. थंडीत त्याला 38 दिवस मिळतील, उन्हात 28. दहा दिवस कमी भरलेला दाणा चिमणारच. वरून उन्हाचा चटका बसतो तो वेगळा.

गंमत म्हणजे डिसेंबरात पेरलेला गहू सुरुवातीला रेंगाळतो, कारण तेव्हा थंडी असते. मग शेवटी पळत सुटतो. त्यामुळे 21व्या दिवशी मुकुटमुळांचं पाणी, 42व्या दिवशी कांडी धरतानाचं, हे कॅलेंडरवर लिहिलेलं वेळापत्रकही दोन्हीकडून चुकतं. पाणी अवस्था बघून द्यायचं असतं. हे सांगून सांगून जीभ झिजली.

शंका असेल त्यांनी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस वाचावी: 15 नोव्हेंबरनंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट. उशीर अटळच असेल तर निफाड-34सारखा त्यासाठीच काढलेला वाण घ्या. वेळेवरच्या पेरणीचा त्र्यंबक डिसेंबरात टाकून बियाण्याच्या नावानं बोटं मोडू नका.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. "ऊन जास्त तेवढी वाढ जास्त" हे खोटं. मक्याच्या नेहमीच्या हिशेबात 30 अंशांच्या वरचं तापमान 30च धरतात, कारण त्यापुढे वाढीचा वेग वाढत नाही. "एकच आकडा सगळ्या पिकांना चालतो" हेही खोटं. मक्याचं पायाभूत तापमान 10 धरतात, कपाशीचं 15च्या आसपास. गव्हालाही काही देशांत 0 धरतात, तेव्हा परक्या तक्त्यातली बेरीज आपल्या 5च्या हिशेबाला जोडली की सगळंच फसलं. "डिग्री-डेवरून उतारा कळतो" असं कुणी म्हणालं तर विषय बदला. त्यावरून अवस्था कधी येईल ते कळतं, क्विंटल नाही. तूर आणि रब्बी ज्वारी दिवसाची लांबी बघूनही फुलोऱ्यावर येतात, म्हणून तिथं नुसत्या तापमानाच्या बेरजेवर विसंबता येत नाही. आणि "हे प्रयोगशाळेतलं काम आहे, यंत्रं लागतात" म्हणणाऱ्यांना एवढंच: किडींच्या पिढ्यांचा अंदाजही याच बेरजेनं बांधतात, आणि त्यासाठी लागणारे रोजचे दोन आकडे मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदले जातात. आपण तिथं फक्त पाऊस बघतो.