लाडबोरीची धाव

मार्च-एप्रिलात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वरून पडायचं ते मोहफूल. पहाटे टोपली घेऊन जायचं आणि झाडाखालचा सडा वेचायचा. पण २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची तापलेली कडी पडली. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोंहून अधिक. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, हुबेहूब तशी. फक्त एवढ्या चाकाच्या गाडीला बैल कुठून आणायचे! जवळच्या पवनपारला एक गोळाही सापडला.

आकाशातल्या पेटत्या रेघा पाहून कुणी उल्का म्हटलं, कुणी उपग्रह. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, म्हणून काहींनी त्याच्याकडे बोट दाखवलं. पण इलेक्ट्रॉनची जाडी जेमतेम १.२ मीटर, लोटीतून हंडा कसा निघेल? फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा मात्र बरोबर ३ मीटर व्यासाचा असतो. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडला तो याच टप्प्याचा.

मला मात्र कुणाचं रॉकेट यापेक्षा दुसराच प्रश्न छळत होता. वर पोकळी आहे, पोकळीत घर्षण नाही, मग चौदा महिने फिरत राहिलेली वस्तू खाली आलीच का?

कारण वर पोकळी नाही. आपल्या नाकासमोरच्या एका घन सेंटीमीटर हवेत साधारण पंचविसावर अठरा शून्यं इतके रेणू असतात. दोनशे किलोमीटर वर त्यातले शेकडो कोटी उरतात. ‘उरतात’ म्हणायचं खरं, पण सेकंदाला आठ-दहा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या टप्प्याला तेही बोचतात. हा टप्पा लांबट कक्षेत होता: क्षणभर पृथ्वीजवळ, मग हजारो किलोमीटर दूर. जवळून जाताना दर खेपेला वेगातला थोडा वाटा तो या विरळ हवेला देत गेला.

समजा, सागवानी पेटीएवढी जागा घेऊन आपण शेवटचा रेणूही उपसला. झाली निखळ पोकळी? नाही. पेटीच्या भिंतींतून उष्णतेचे किरण निघत राहतील. भिंती काढून पेटी दूर दीर्घिकांच्या मधल्या ओसाडीत नेली, तरी विश्वाच्या बालपणीचा प्रकाश तिथेही आहे: प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये सुमारे चारशे प्रकाशकण. तेही कसे तरी अडवले, तरी पुंजभौतिकी म्हणते की रिकाम्या जागेतलं विद्युतचुंबकीय क्षेत्र कधी पूर्ण शांत होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये दाखवलं की पोकळीत अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि पुढे हे प्रयोगांत मोजलंही गेलं. (यावरून ‘पोकळीतून फुकट वीज’ विकणारे बरेच आहेत. त्यांना विचारावं, जवळ आलेल्या पट्ट्या पुन्हा लांब करायला खर्च कोण करणार?)

आता टप्पा खाली आणणारा दुसरा दोषी: चंद्र. त्याच्याकडे तोंड केलेली पृथ्वीची बाजू तो जरा जास्त ओढतो, पाठमोरी बाजू जरा कमी. ओढीतला हा फरक म्हणजे ताण. समुद्राची भरती सगळ्यांना ठाऊक असते, पण जमिनीलाही भरती येते. समुद्रापासून इतक्या दूर, सिंदेवाहीच्या धानाच्या बांध्या आणि बोड्या रोज वीतभर वरखाली होतात, आणि सगळंच सोबत हलत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. असाच चंद्र-सूर्याचा ताण लांबट कक्षांना हळूहळू वाकवतो. कक्षेचं जवळचं टोक खाली सरकलं की हवेची पकड वाढते.

हाच ताण कमाल वाढवून पाहू. लाडबोरीची कडी सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवरात टाकू, उभी. काठाशी, म्हणजे केंद्रापासून तीन किलोमीटरवर, कडीच्या वरच्या आणि खालच्या टोकांवरल्या ओढीत पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तीनशे कोटी पट फरक असेल. कडीची तार होईल, तारेची धूळ. मात्र आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं विवर आहे, त्याच्या काठावरून ती न वाकता आत जाईल. विवर जितकं थोर, तितका काठ सौम्य. चित्रपटवाल्यांना हे सहसा पटत नाही.

गंमत अशी की अशाच ताणाच्या फिरत्या लहरी, म्हणजे गुरुत्वलहरी, समजावताना भौतिकीची पुस्तकं कडीच काढतात: लहर आली की ती एका दिशेने लांबते, आडवी आकसते, मग उलट. हे मोजायला अमेरिकेतल्या लायगोत चार-चार किलोमीटरचे नळ आहेत, आणि त्यांत हवेच्या दाबाचा लाखकोटीवा भाग उरेल इतकी हवा उपसलेली. तरीही दर घन सेंटीमीटरला दोन-तीन कोटी रेणू शिल्लक! आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असंच यंत्र उभं राहायचंय. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली.

बातम्यांत नळ आणि आरसे येतात. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेतले संजीव धुरंधर क्वचितच येतात. त्यांचं काम समजून घ्यायला ताडोब्याच्या जंगलात जाऊ. तिथला गाइड जिप्सी थांबवून कान देतो. रातकिडे, वारा, माकडं या गलक्यातून चितळाचा ‘कॉल’ नेमका उचलतो, कारण तो त्याला आधीच पाठ असतो. गोंगाटात बुडालेली लहर शोधायची तर तिचे संभाव्य सूर आधी मांडून ठेवायचे आणि नोंदींशी ताडून पाहायचे. किती सूर पुरेसे, ते कसे निवडायचे, याची रीत धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडली होती. लायगोचं बांधकामही तेव्हा सुरू झालेलं नव्हतं.

पहिली लहर टिपली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्या घड्याळात दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी. पोळा नुकताच होऊन गेला होता. ती लाडबोरीतूनही गेली. तेव्हा तिथे ही तीन मीटरची कडी असती, तर ती लांबली असती प्रोटॉनच्या जाडीच्या साधारण पाच-सहा लाखाव्या भागाने.