केल्दिम आणि गेल्दिम : उइघुर व तुर्की भाषांचे नाते

मागे एकदा नववीच्या वर्गावर बदली तास मिळाला, तेव्हा मी फळ्यावर आकड्यांच्या दोन रांगा लिहिल्या. पहिली रांग अशी : बिर, इकी, उच, दोर्त, बेश, अल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ, ओन. दुसरी अशी : बिर, इक्की, उच, तोत, बेश, अल्ते, येत्ते, सेक्किझ, तोक्कुझ, ओन. मुलांना विचारले, ही भाषा एक की दोन? शेवटच्या बाकावरून उत्तर आले, "एकच आहे सर, दुसऱ्याला सर्दी झालीय."

वर्ग हसला, मीही हसलो. पण ते उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. पहिली रांग तुर्कस्तानातल्या तुर्की भाषेतली आणि दुसरी चीनच्या पश्चिम टोकाला, शिंजियांग प्रांतात राहणाऱ्या उइघुर लोकांच्या भाषेतली. इस्तंबूल ते कश्गर हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे चार हजार किलोमीटर भरते. मध्ये इराण, कॅस्पियन समुद्र, वाळवंटे आणि पामीरचे डोंगर. तरीही एक ते दहा मोजताना इस्तंबूलचा दुकानदार आणि कश्गरचा दुकानदार एकमेकांना अडत नाहीत. (येथे एक कबुली द्यावी लागेल. ह्या भाषांतील काही स्वर आपल्या देवनागरीत नीट उतरत नाहीत. तीनचा 'उच' म्हणताना ओठांचा चंबू 'ऊ'साठी करायचा आणि आतून 'ई' म्हणायचे, म्हणजे जवळपास तो उच्चार येतो.)

दोन भाषांत काही शब्द सारखे सापडले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. शब्द उसने घेता येतात. आपल्या मराठीत फारसी शब्द ढीगभर आहेत, म्हणून मराठी ही फारसीची लेक ठरत नाही. नाते ठरते ते फरकांवरून. फरक नियमाने पडत असेल तर मूळ एक समजावे. कन्नड ऐकत वाढलेल्या आपल्या सीमाभागातील वाचकांना हे पटकन कळेल. कन्नडमध्ये दूध 'हालु', तमिळमध्ये 'पाल'. कन्नडमध्ये दहा 'हत्तु', तमिळमध्ये 'पत्तु'. साप 'हावु' आणि तिकडे 'पांबु'. जिथे तमिळ 'प' म्हणते तिथे कन्नड 'ह' म्हणते, आणि हे एखाद्या शब्दापुरते नसून शब्दामागून शब्दात होते. तुर्की आणि उइघुर यांच्यात नेमके असेच आहे. जिभेला आणि भाषेलाही तुर्की 'दिल' म्हणते, उइघुर 'तिल' म्हणते. लोखंड तिकडे 'देमिर', इकडे 'तोमुर'. डोळा तिकडे 'गोझ', इकडे 'कोझ'. 'दे' ह्या अर्थी तुर्कीत 'वेर', उइघुरमध्ये 'बेर'. 'आहे' ह्या अर्थी तुर्कीत 'वार', उइघुरमध्ये 'बार'. तुर्कीने शब्दारंभीचे अनेक कठोर वर्ण मृदू केले, 'ब'चा काही ठिकाणी 'व' केला, आणि उइघुरने जुने वळण राखले. म्हणजे सर्दी झालीच असेल तर ती तुर्कीला झाली, असे त्या मुलाला पुढच्या तासाला सांगितले.

भाषाशास्त्रज्ञ ह्या कुळाच्या शाखा पाडतात. तुर्की ही ओघुझ शाखेतली; अझरबैजानी आणि तुर्कमेन तिच्या सख्ख्या बहिणी. उइघुर ही कार्लुक शाखेतली आणि तिची सख्खी बहीण उझबेक. तेव्हा तुर्की आणि उइघुर ह्या चुलत बहिणी झाल्या. एकच भाषा असे म्हणणे चूक, आणि एकमेकींशी संबंध नाही असे म्हणणे त्याहून मोठी चूक.

व्याकरणाकडे वळलो की मराठी शिक्षकाला तर घरी आल्यासारखे वाटते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. इंग्रजीसारखे शब्दाच्या आधी येऊन बसणारे 'इन' आणि 'ऑन' नाहीत. आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे सारे मागून येते. तुर्कीत घर म्हणजे 'एव'. त्याला अनेकवचनाचा 'लेर' लावला, मग 'आमचे' दाखवणारा 'इमिझ' आणि शेवटी 'मध्ये' दाखवणारा 'दे' लावला, की 'एवलेरिमिझदे' हा एकच शब्द तयार होतो : आमच्या घरांमध्ये. उइघुरमध्ये घर 'ओय' आणि तोच शब्द 'ओयलिरिमिझदे'. रेल्वेचे डबे जोडावेत तसे प्रत्यय जोडायचे, आणि डब्यांचा क्रमही दोन्हीकडे तोच. आणखी एक सोय अशी की लिंगाचा जाच नाही. तो, ती, ते ह्या तिन्हींना तुर्कीत 'ओ' आणि उइघुरमध्ये 'उ'. आमच्या शाळेत कन्नड माध्यमातून आलेली मुले 'ती पुस्तक' की 'तो पुस्तक' ह्यात वर्षभर चाचपडतात, त्यांना हे ऐकून हेवा वाटावा.

फरकही तेथेच सुरू होतात. 'मी आलो' हे तुर्कीत 'गेल्दिम', उइघुरमध्ये 'केल्दिम'. कोणालाही कळेल. पण 'मी येत आहे' म्हटले की तुर्क 'गेलियोरुम' म्हणतो आणि उइघुर 'केलिवातीमेन' म्हणतो. भूतकाळात दोघे एकमेकांजवळ आणि वर्तमानात दूर! शिवाय उइघुरमध्ये एक खोड आहे, जी मराठी माणसाला परकी वाटणार नाही. आपला 'घोडा' प्रत्यय लागायच्या आधी 'घोड्या' होतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. उइघुरमध्ये आई म्हणजे 'आना', पण 'त्याची आई' म्हणताना 'आनिसी'. शब्दाच्या शेवटचा 'आ' प्रत्यय लागताच 'इ' होतो. तुर्कीत तो जागचा हलत नाही. तेथे 'आनासी'च राहते.

आता उसन्या शब्दांचे पाहू, कारण तेथे आपणही पंगतीला बसलेलो आहोत. कलम, दुकान, शहर, खबर, हिशेब, हवा, दुनिया हे शब्द थोड्याफार उच्चारभेदाने मराठीत आहेत, तुर्कीत आहेत आणि उइघुरमध्येही आहेत. हे सारे अरबी-फारसीचे देणे. मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर' तुर्कीत 'देफ्तेर' आणि उइघुरमध्ये 'देप्तेर' होऊन वही म्हणून वावरते. आपल्या 'गप्पा' ज्या फारसी शब्दावरून आल्या, त्यावरूनच उइघुरमध्ये बोलण्याला 'गेप' म्हणतात. खुद्द तुर्की कुळाचे देणेही आपल्याकडे आहे. कैची हा शब्द तुर्की मुळाचा. उइघुरमध्ये आजही 'कायचा' म्हणजे कात्री, तर तुर्कस्तानात मात्र त्या जागी अरबीतून आलेला 'माकास' बसला आहे. तोपची, खजिनची, मशालची ह्यांतील 'ची' हा तर थेट तुर्की प्रत्यय. कोळ्याला तुर्कीत 'बालिकची', उइघुरमध्ये 'बेलिकची'. लोहाराला तिकडे 'देमिरजी', इकडे 'तोमुर्ची'. विद्यार्थी उइघुरमध्ये 'ओकुगुची', म्हणजे वाचणारा, आणि शिक्षक 'ओकुत्कुची', म्हणजे वाचायला लावणारा. शिक्षकाची ह्यापेक्षा नेमकी व्याख्या मी बी.एड.ला शिकलो नाही.

हे शब्द बहुधा फारसीच्या हाताने दरबारी कागदपत्रांतून आपल्याकडे उतरले. पण तुर्की भाषा बोलणारी माणसेही दूर नव्हती, आणि दोन्ही शाखांची होती. बाबराने आपले आत्मचरित्र ज्या चगताई तुर्कीत लिहिले ती आजच्या उझबेक आणि उइघुर ह्या दोघींचीही पूर्वीची साहित्यभाषा होय. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा काराकोयुनलू तुर्कमेन घराण्यातला, म्हणजे ओघुझ शाखेकडचा.

ह्या दोन शाखांतला फरक पहिल्यांदा नीट टिपून ठेवला तो महमूद कश्गरी ह्या पंडिताने. इ. स. १०७२ ते १०७४ ह्या सुमारास त्याने बगदादमध्ये बसून तुर्की भाषांचा एक कोश लिहिला. त्या वेळी बगदादवर सेल्जुक तुर्कांचा अंमल होता आणि राज्यकर्त्यांची भाषा अरबांना कळावी म्हणून कोश अरबीत लिहिला. कश्गरी नुसते अर्थ देऊन थांबत नाही. ओघुझ लोक 'त'चा 'द' करतात, इतर तुर्क उंटाला 'तेवेय' म्हणतात तर हे 'देवेय' म्हणतात, 'मेन' म्हणायच्या जागी 'बेन' म्हणतात, अशा नोंदी तो करतो. आजही तुर्कीत 'मी' म्हणजे 'बेन' आणि उइघुरमध्ये 'मेन'. साडेनऊशे वर्षांपूर्वी एका माणसाने कानाने टिपलेला फरक आज आमच्या फळ्यावर तसाच उतरतो, हे मला तरी मोठे नवल वाटते.

मग आजचे तुर्क आणि उइघुर एकमेकांशी बोलू शकतात काय? बाजारात भाव करण्यापुरते, पाणी मागण्यापुरते, होय. वर्तमानपत्र वाचण्यापुरते, नाही. ह्याला जबाबदार गेली शंभर वर्षे. तुर्कस्तानात १९२८ साली केमाल अतातुर्क यांनी अरबी लिपी काढून रोमन लिपी आणली आणि १९३२ साली भाषा संस्था स्थापन होऊन अरबी-फारसी शब्द निवडून काढण्याचे काम सुरू झाले. 'मेक्तेप' जाऊन 'ओकुल' आले, 'मुअल्लिम' जाऊन 'ओरेत्मेन' आले. उइघुरमध्ये शाळा अजूनही 'मेक्तेप'च आहे. तिकडे उइघुरने रशियन आणि चिनीतून घेतले : आगगाडी 'पोयिझ', विमान 'आयरोपिलान', बटाटा 'यांग्यू'. तुर्कांनी आगगाडीला फ्रेंचकडून 'त्रेन' घेतले आणि विमानाला 'उडणे' ह्या धातूवरून 'उचाक' हा नवा शब्द पाडला. उइघुर माणूस आभार मानताना 'रेहमेत' म्हणतो; तुर्कस्तानात 'राहमेत' हा शब्द प्रामुख्याने मृतासाठी मागितलेल्या कृपेचा, आणि 'राहमेतली' म्हणजे कैलासवासी. पहिल्याच भेटीत यजमानाने दचकावे असा प्रकार!

लिपीचा तर खेळखंडोबा झाला. शिंजियांगमधील उइघुरांच्या शाळांत १९७६ साली रोमन लिपी पूर्णपणे लागू झाली आणि १९८२ साली ती काढून सुधारित अरबी लिपी परत आणली गेली. म्हणजे जी मुले रोमनमध्ये शिकली त्यांना आपल्या धाकट्या भावाची वही वाचता येईना. कझाकस्तानातील उइघुर आणखी तिसऱ्याच, रशियन वळणाच्या लिपीत लिहितात. सप्टेंबर २०२४ मध्ये बाकू येथे तुर्की कुळातील भाषांसाठी ३४ अक्षरांची सामाईक रोमन वर्णमाला ठरली. पण ह्या कामामागे संघटना आहे ती राष्ट्रांची, आणि उइघुरांना स्वतःचे राष्ट्र नाही.

त्यांच्या शाळांचे जे झाले ते शिक्षक म्हणून लिहिणे मला भाग आहे. २००२ पासून शिंजियांग विद्यापीठात बहुतेक विषय चिनीतून शिकवले जाऊ लागले, पुढे 'द्विभाषिक शिक्षण' ह्या गोड नावाखाली शाळांतूनही तेच झाले, आणि २०१७ साली होतान विभागाच्या शिक्षण खात्याने शाळांतून उइघुर भाषेचा वापर बंद करण्याचा आदेश काढला. अब्दुवेली आयुप ह्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने कश्गरमध्ये उइघुर माध्यमाची बालवाडी काढली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांना अटक झाली, बेकायदा निधी जमवल्याचा ठपका ठेवला गेला आणि पंधरा महिने ते कोठडीत होते. सुटल्यावर ते तुर्कस्तानात गेले आणि नंतर नॉर्वेत.

तुर्कस्तानात उइघुर निर्वासितांचे येणे जुने आहे. इसा युसूफ आल्पतेकिन आणि मेहमेत एमीन बुग्रा हे नेते १९४९ साली लडाखमार्गे काश्मीरात उतरले आणि तेथून पुढे तुर्कस्तानात गेले. भाषा जवळची म्हणून आसरा सोपा झाला. पण जवळिकीचा एक तोटाही आहे. इस्तंबूलच्या शाळेत जाणारे उइघुर पोर 'केल्दिम'चे 'गेल्दिम' कधी करू लागते ते त्याच्या आईलाही कळत नाही. चिनी शब्द तोंडात आला तर परका म्हणून ओळखू येतो. तुर्की शब्द ओळखू येत नाही, तो घरचाच वाटतो. आणि तुर्कस्तान तरी भाषेच्या बाबतीत उदार म्हणावा काय? त्याच्या राज्यघटनेचे ४२ वे कलम शाळेत तुर्कीवाचून दुसरी कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवू देत नाही. कुर्दी भाषेतील पुस्तके छापण्यावर १९८३च्या कायद्याने घातलेली बंदी १९९१ साली उठली, आणि सरकारी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून कुर्दी आली ती २०१२ साली.

महमूद कश्गरीच्या कोशाची एकच हस्तलिखित प्रत जगात उरली आहे. १२६६ सालची ती नक्कल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इस्तंबूलच्या एका पुस्तकप्रेमी गृहस्थाने विकत घेतली आणि ती आजही त्याच शहरातील ग्रंथालयात आहे. तुर्की भाषांतर १९४०च्या आसपास निघाले, उइघुर भाषांतर १९८१ ते १९८४ ह्या काळात उरुमचीहून. मूळ ग्रंथ अरबीत असल्यामुळे दोन्ही चुलत बहिणींना तो वाचायचा तर भाषांतरातूनच वाचावा लागतो.